पडद्यामागचा ‘हूं’

माझे जिजाजी घाबरलेत हे मला फोनवरच कळलं, कारण त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझी पदवी विचारली.

“विक्रांत, तू बी.एस्सी. फिजिक्स ना रे?”

“होतो. मग बँकेत लागलो.”

“चालेल. दुपारी टॉकीजवर ये. आणि ताईला काही बोलू नकोस.”

ताई म्हणजे माझी थोरली बहीण मीरा. जिजाजी म्हणजे तिचे यजमान, यज्ञेश्वरराव. इंदूरजवळच्या आमच्या शहरात, फ्रीगंज भागात, टावर चौकापासून जरा आत, त्यांची टॉकीज आहे. आहे म्हणजे इमारत आहे. सिनेमा बंद पडून बरीच वर्षं झाली. खालच्या वऱ्हांड्यात आता एक टेंट हाउसवाला त्याच्या लाल खुर्च्या आणि नवरानवरीचं सिंहासन ठेवतो, त्यामुळे आत शिरताना रोज कुणाच्या तरी लग्नाला उशिरा आल्यासारखं वाटतं. पण वरच्या केबिनमधला एक प्रोजेक्टर जिजाजींनी जिवंत ठेवलाय. दर रविवारी सकाळी ते त्यावर जुनी प्रिंट चढवतात, इथल्या मराठी समाजातले वीस-पंचवीस ज्येष्ठ नागरिक ती फुकट बघतात, मध्यंतरात पोहे-जलेबी खातात, आणि पुढच्या रविवारी तीच प्रिंट पुन्हा नव्याने बघतात.

मी केबिनमध्ये पोचलो तेव्हा जिजाजींनी दार लावून घेतलं. मग खिडकीही लावली. प्रोजेक्टरच्या बरोबर समोर त्यांच्या वडिलांचा, भय्यासाहेबांचा फोटो आहे. प्लास्टिकचा हार घातलेले भय्यासाहेब मशीनवर नजर ठेवून असतात.

“मला आवाज येतो,” जिजाजी म्हणाले.

“कसला?”

त्यांनी तोंड मिटलं आणि नाकातून काढून दाखवला. “हूंऽऽऽ. असा. कुणीतरी तोंड न उघडता हो म्हणतंय, आणि थांबतच नाहीये.”

मी हसलो नाही. हसण्यासारखं वाक्य होतं, पण मागे भय्यासाहेब होते.

भय्यासाहेबांची गोष्ट आमच्या दोन्ही घरांत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ती कुणी कधी सांगत नाही. त्यांना याच केबिनमध्ये गुणगुण ऐकू यायला लागली होती. ‘मशीनमध्ये बिघाड आहे’ म्हणाले. मालकच म्हणतोय म्हटल्यावर मशीन उघडलं. दिवा बदलला, वायरी बदलल्या, अँप्लिफायर खाली उतरवून पुन्हा वर चढवला. इंदूरहून मेकॅनिक आला, त्याने सगळं बघितलं आणि ‘साब, आवाज़ तो बढ़िया है’ म्हणाला. त्याला घालवून दिला. तेव्हा तरुण असलेल्या जिजाजींनी अँप्लिफायरचे टाके स्वतः पुन्हा पुन्हा घातले. शेवटी एक दिवस भय्यासाहेब जिन्यात पडले, आणि मग डॉक्टरने जे उघडून बघायला हवं होतं ते बघितलं. गुणगुण डोक्यात होती. गाठ होती. वेळ राहिली नव्हती.

“रविवारच्या मंडळींना विचारलंत?”

“विचारलं ना. अर्धे जण कानात मशीन लावून येतात, अर्धे मशीन घरी विसरून. एक काका म्हणाले, वा यज्ञेश्वरराव, काय दमदार आवाज आहे.” ते स्टुलावर बसले. “आणि रात्री अंथरुणावर पडल्यावरसुद्धा येतो, विक्रांत. मशीन बंद असतं तेव्हा. ह्या वर्षी मी भय्यासाहेबांच्या वयाचा होतोय.”

“मग डॉक्टर?”

“इंदूरला नंबर लावलाय. सोमवारचा. डोक्याचा एमआरआय.” हे त्यांनी मशीनकडे बघत सांगितलं. “त्याच्या आधी हे बघून घेऊ. मशीनमध्ये निघाला, तर जायची गरजच नाही.”

“जिजाजी, भय्यासाहेबांच्या वेळी नेमकं हेच केलं होतं.”

“म्हणून तर तुला बोलावलं. तेव्हा घरात कोणी सायन्सवाला नव्हता.”

मी कोट काढून ठेवला.

आधी त्यांनी एक प्रिंट चढवली आणि आम्ही खाली हॉलमध्ये जाऊन बसलो. पडद्यावर एक नायिका विहिरीवर उभी राहून रडत होती. मी कान देऊन ऐकू लागलो. तिचं रडणं ऐकू आलं, फिल्मची चरचर ऐकू आली, बाहेर रस्ता रुंद करणाऱ्यांचं ड्रिल ऐकू आलं, वर कबुतरं ऐकू आली. आणि मग ह्या सगळ्याच्या तळाशी, जिथे कान संपतात आणि जबडा सुरू होतो तिथे, काहीतरी होतं. किंवा नव्हतं.

“आला?” जिजाजींनी अंधारात विचारलं.

“बहुतेक.”

“बहुतेक बँकेत. इथे हो किंवा नाही.”

मला खरंच सांगता येईना. माणसाला काय ऐकू येईल ते आधी सांगून अंधारात बसवलं की ते त्याला ऐकू येतंच. आपल्याकडे मोठमोठे आश्रम यावर चालतात. आता तो आवाज मला माझ्या दातांत जाणवत होता. मी हळूच स्वतःचा कान दाबून बघितला. तरी होता. जिजाजींच्या काळजीसाठी आलेला माणूस मी, आणि मनातल्या मनात इंदूरला दुसरा नंबर लावत होतो.

केबिनमध्ये परत आल्यावर मी म्हणालो, “मला आधी मशीन समजावून सांगा. मी विसरलोय.” खरं म्हणजे मला ते कुणी शिकवलंच नव्हतं.

जिजाजी समजावू लागले आणि त्यांचा चेहरा जरा माणसात आला. फिल्मवर चित्रांच्या शेजारी, अगदी काठाला, उजेड-अंधाराची एक बारीक पट्टी असते. तोच आवाज. खाली साउंड हेडमध्ये एक छोटा दिवा असतो, त्याच्या उजेडाची केसाएवढी रेघ त्या पट्टीतून आरपार जाते आणि पलीकडच्या, उजेडाची वीज करणाऱ्या सेलवर पडते. उजेड कमीजास्त होईल तसा सेल बोलतो. पट्टीच्या पलीकडे फिल्म ओढायची भोकं.

“आणि फिल्म जरा बाजूला सरकली तर?”

“तर उजेड भोकांवर पडेल. भोकं भराभर जातात ना समोरून. उजेड-अंधार, उजेड-अंधार. मग…” ते थांबले. “मग हूंऽऽ येतो.”

“मग हेच असेल!”

“असेल ना. पण कशाने सरकेल? रोलर तर बाहेरून ठीक दिसतो.”

“साउंड हेड उघडून बघितलंत?”

जिजाजींनी चष्मा पुसला. चांगला वेळ पुसला. “नाही.”

“का?”

“उघडलं आणि काहीच निघालं नाही, तर?”

म्हणजे सोमवार. मी पुढे विचारलं नाही. मोटर, लेन्स, वायरी, सगळं ह्या माणसाने साफ केलं होतं. फक्त जिथे खराबी असायची शक्यता होती तिथे हात घातला नव्हता.

तेव्हा मला पदवीच्या अब्रूला साजेशी एक गोष्ट सुचली. उघडायच्या आधी परीक्षा घ्यायची. दिवा आणि फिल्मच्या मध्ये पुठ्ठ्याचं कार्ड सरकवायचं. उजेड तुटला, सेल आंधळा झाला. कार्ड घातल्यावर हूं गेला, तर दोष फिल्मच्या वाटेत. कार्ड घालूनही राहिला, तर दोष पुढे, अँप्लिफायरमध्ये.

“आणि अँप्लिफायर बंद करूनही राहिला, तर?” जिजाजींनी विचारलं.

आम्ही दोघांनी भय्यासाहेबांकडे बघितलं आणि विषय तिथेच ठेवला.

अडचण एकच होती. कार्ड घातलं की नायिकेचं रडणंही थांबणार, मग जिजाजींना लगेच कळणार. कळलं की ते म्हणणार, गेला बरं का हूं. मरायला घाबरलेल्या माणसाची साक्ष पकडता येत नाही. यावर उपाय जिजाजींनीच काढला. त्यांनी डब्यातून काळी फिल्म काढली. ना चित्र, ना आवाज, निव्वळ काळी, फक्त कडेला भोकं. तिची टोकं जोडून माळेसारखा वेढा केला आणि मशीनवर चढवला. आता पडदा काळा, हॉल काळा, आणि हूं असेल तर फक्त हूं.

ते खाली जाऊन मधल्या रांगेत बसले, हातात टॉर्च. ऐकू येतंय तोवर टॉर्च चालू, थांबला की बंद. मी वर, हातात कार्ड. माझं जुनं व्हिजिटिंग कार्ड, ‘वरिष्ठ व्यवस्थापक’ असं छापलेलं. इतक्या वर्षांत त्याने कुणाचं काही थांबवल्याचं मला आठवत नव्हतं.

मोटर सुरू केली. केबिनच्या चौकोनी झरोक्यातून बघितलं. दूर खाली अंधारात टॉर्च लागली.

कार्ड आत सरकवलं. टॉर्च विझली.

मी श्वास सोडला. बाहेर काढलं. टॉर्च लागली. आत. विझली. मी मुद्दाम वेळ चुकवली, कधी पटकन काढलं, कधी लांबवलं, एकदा नुसताच हात हलवला आणि घातलंच नाही. टॉर्च फसली नाही. माझ्या अंगातला सायन्सवाला बऱ्याच वर्षांनी उठून बसला. मशीनच आहे! जिजाजींच्या डोक्याचा काही संबंध नाही!

खात्री म्हणून पुन्हा एकदा कार्ड घातलं.

टॉर्च विझली नाही.

मी थांबलो. कार्ड नीट आत दाबलं. वाकून बघितलं, सेलवर उजेडाचा कण नव्हता. खाली टॉर्च जळत होती, हलतही नव्हती. कार्ड काढलं, पुन्हा घातलं. जळतेय. माझ्या तळहाताला घाम फुटला आणि ‘वरिष्ठ’ची शाई बोटाला लागली. असेल, अँप्लिफायर असेल. मी अँप्लिफायरचं बटण बंद केलं. त्याचा हिरवा दिवा गेला. आता त्या इमारतीतल्या कुठल्याही स्पीकरमधून कसलाही आवाज निघणं शक्य नव्हतं.

टॉर्च जळत होती.

मी भय्यासाहेबांकडे न बघता केबिनच्या बाहेर पडलो.

जिना मी कसा उतरलो ते सांगता येणार नाही. भय्यासाहेब याच जिन्यात पडले होते, एवढं मात्र प्रत्येक पायरीला आठवत होतं. ‘जिजाजी, आपण सोमवारी जाऊ, मीही येतो’ असं वाक्य मी तोंडात तयार ठेवलं होतं. हॉलचं दार ढकललं. टॉर्चचा झोत सरळ छतावर, कबुतरांवर पडला होता. मी रांगेतून चाचपडत पुढे गेलो.

खुर्ची रिकामी होती. टॉर्च खुर्चीवर पडली होती.

“जिजाजी?”

मग पडद्याजवळच्या अंधारात काहीतरी पांढरं हललं आणि एक बाईचा आवाज आला, “थांबला रे आत्ता?”

मी जो आवाज काढला तो लिहिण्यासारखा नाही.

“ओरडतोस काय विकू, मी आहे,” ताई म्हणाली. “तू बंद केलंस का काही वर? आत्ता थांबला बघ.”

मी टॉर्च उचलून तिकडे मारली. पडद्याच्या बाजूच्या छोट्या दारात ताई उभी होती, हाताला कणीक लागलेली. ते दार त्यांच्या घरात उघडतं. पडद्यामागचे स्पीकर आणि ताईचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. तिच्या पायाशी, पडद्याला टेकून, जिजाजी खाली बसले होते.

“काय झालं यांना?”

“मला काय विचारतोस? मी ‘अहो’ म्हटलं तर हे टॉर्च टाकून धावत आले आणि इथे बसले.”

“अगं, पडद्यामागून बाईचा आवाज आला,” जिजाजी क्षीणपणे म्हणाले. “काळ्या फिल्ममधून. मला वाटलं, चला, संपलं.”

“आणि मला काय वाटलं असेल?” ताईचा आवाज चढला आणि तिथेच फुटला. “मी पोळ्या लाटतेय, तर भिंतीतून तो हूं सुरू. मग थांबला. मग सुरू. मग थांबला. इतके दिवस सरळ यायचा तो आज थांबून थांबून यायला लागला. मला वाटलं भय्यासाहेब इशारे करताहेत. यांना बोलावताहेत.”

शास्त्रीय परीक्षेचे निकाल भिंतीपलीकडेही जातात, हे माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं.

“तुला ऐकू येतो?” जिजाजींनी तिच्याकडे वर बघत विचारलं. “तो? हूं?”

“दसऱ्यापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोललात? रात्री कूस बदलत असता, कानात बोट घालत असता. मला दिसत नाही का? मी म्हटलं, मला ऐकू येतोय हे सांगितलं तर यांना कळेल की…” तिने पदराने डोळे पुसले आणि गालाला कणीक लावून घेतली. “म्हटलं, हा सासऱ्यांचा आहे. ह्याला ओ द्यायची नाही.”

जिजाजी हळूहळू उभे राहिले. दोघांना ऐकू येतो म्हणजे तो एकाच्या डोक्यात नाही, एवढं गणित सायन्सवाल्याशिवायही होण्यासारखं होतं. पण माझ्या कानात एक शब्द अडकला होता.

“ताई, दसऱ्यापासून म्हणजे? खंडेनवमीला मशीनची पूजा केलीत, तेव्हापासून?”

“हो. नेहमीसारखीच केली. हळदकुंकू, अक्षता, झेंडूची माळ.”

“आणि?”

ती पायाकडे बघायला लागली. “आणि दोरा.”

“कुठला दोरा?” जिजाजींचा आवाज एकदम मालकाचा झाला. “मीरा, कुठला दोरा?”

“कालभैरवाचा. काळा. यंदा तुम्ही त्यांच्या वयाचे होताय ना, म्हणून आणला होता. तुम्ही हाताला बांधून घेणार नाही हे मला माहीत होतं. आणि दर वर्षी पूजेला झाकण उघडून तुम्हीच सगळ्यांना दाखवता, की हा रोलर बघा, इथे सगळ्या आवाजाचा जीव आहे, आणि ह्या आवाजात माझा. मग जीव जिथे आहे तिथेच बांधला. गच्च. मागच्या बाजूने, तुमच्या नजरेला पडू नये म्हणून.”

आम्ही तिघंही वर गेलो. जिजाजींनी मोटर थांबवली, फिल्म उतरवली आणि साउंड हेडचं झाकण काढलं. मी टॉर्च धरली. फिल्मला कडेने धरणारा एक छोटा रोलर होता, त्याला मागून स्प्रिंग. स्प्रिंग आणि रोलरच्या मधल्या फटीत, तेल पिऊन लोखंडाच्या रंगाचा झालेला, काळा दोरा वेढे घेऊन बसला होता. त्याने रोलर पुढे रेटला होता, अगदी केसभर. फिल्म केसभर सरकली होती. उजेड भोकांवर पडत होता.

जिजाजींनी ब्लेड घेतलं. दोऱ्याजवळ नेलं. तिथेच थांबले.

“हं,” मी म्हणालो, “कापा.”

“तू काप.”

“मी कसा? मशीन तुमचं.”

“तू सायन्सवाला ना?”

मी ब्लेड हातात घेतलं. दोरा बघितला. हा दोरा असताना जिजाजी गेले नव्हते, हेही एका परीने निरीक्षणच होतं. मी ब्लेड ताईकडे दिलं.

ताईने ते बाजूला ठेवलं. “कापायचा नाही. बांधलाय तो सोडायचा,” ती म्हणाली, आणि केसातली पिन काढून तोंडाने काहीतरी पुटपुटत गाठीवर वाकली. चिकट झालेली गाठ सुटेना. बराच वेळ केबिनमध्ये फक्त पिनेचा खरखर आवाज होता आणि जिजाजींचा श्वास. एकदा पिन सटकली, तेव्हा आम्ही दोघं मागे सरकलो. शेवटी दोरा सुटला. रोलर मागे गेला, टक् असा आवाज झाला. ताईने त्या तेलकट दोऱ्यासकट जिजाजींचं मनगट धरलं आणि तिथे दोरा बांधला. इतकी वर्षं हाताला काही बांधून न घेणाऱ्या माणसाने हात पुढे करून ठेवला होता.

“आता पुन्हा बघू,” ते म्हणाले. “मी खाली बसतो. आला तर टॉर्च लावीन.”

काळी फिल्म चढली. अँप्लिफायरचा हिरवा दिवा लागला. ते खाली गेले, मधल्या रांगेत बसले, आणि अंधार झाला. ताई आणि मी झरोक्याला डोकं लावून उभे राहिलो.

टॉर्च लागली नाही.

“गेला,” मी कुजबुजलो.

“थांब.”

आम्ही थांबलो. मशीन आपलं चरचरत होतं. खाली काहीच नाही. जेवढा वेळ काही ऐकू आलं नाही असं म्हणायला लागतो, तेवढा वेळ होऊन गेला. मग त्याच्या दुप्पट.

“विकू,” ताई म्हणाली, “हे इतके गप्प का?”

“ऐकू येत नाहीये म्हणून.”

“मग वर यायचं ना. सांगायचं ना.” तिने माझा दंड धरला. “मी तो दोरा सोडला.”

“ताई…”

“मी सोडला रे. माझ्या हाताने.” तिने झरोक्यातून हाक मारली. “अहो!” हॉलमध्ये ती फिरून परत आली. टॉर्च लागली नाही. “अहो, ऐकलंत का!”

मी प्रोजेक्टरची मोटर बंद केली आणि जिन्याकडे वळलो. चरचर थांबली. सगळ्या इमारतीत शांतता पसरली, आणि त्याच क्षणी खाली टॉर्च भपकन लागली. तिचा झोत थेट आमच्या तोंडावर आला.

“मशीन कुणी बंद केलं?” जिजाजी खवळून ओरडले.

आयुष्यभर केबिनमध्ये त्या चरचरीवर झोपून ती थांबली की जागा होणारा तो माणूस. डोळा लागला होता. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा.

ताई भिंतीला टेकून खाली बसली. मग उठली, तोंडावरची कणीक पुसली आणि झरोक्यातून खाली बोलली, “वर या. चहा टाकते. आणि सोमवारी इंदूरला मीही येणार आहे.”

टॉर्च माझ्याकडे वळली.

“मी नाही सांगितलं,” मी म्हणालो.

“तुमच्या मोबाइलवर दवाखान्यातून फोन आला होता, तो मी घेतला,” ताई म्हणाली.

“पण आता कशाला, मीरा? मशीनच निघालं ना?”

“मशीन बंद असताना रात्री जो येतो, तो कशाने येतो?”

जिजाजी वर आले. पायऱ्या चढताना कठडा धरला होता, मनगटावरचा दोरा दिसत होता. चहा होईपर्यंत ते साउंड हेडचं झाकण बसवत राहिले, स्क्रू एकेक करून, गरजेपेक्षा सावकाश. मला काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं.

“एमआरआयमध्ये काही नसतं हो, जिजाजी. नुसतं पडून राहायचं. फक्त त्या मशीनचा आवाज फार असतो म्हणतात. कानाला काहीतरी लावून देतात.”

त्यांचा स्क्रूड्रायव्हर थांबला. घाबरलेलेच होते, पण डोळे बारीक झाले.

“आवाज? कसला? हूं की ठकठक?”

“ठकठक म्हणे. खूप जोरात.”

“सतत?”

“थांबून थांबून.”

जिजाजींनी विचार केला. मग माझं डागाळलेलं व्हिजिटिंग कार्ड मशीनवरून उचललं, फुंकर मारून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “बघू, हे मध्ये घातलं तर थांबतो का.”